विहीणबाईंचा घाम

चतुराबाईला 'पुरे' म्हणता येत नसे. जीभ वळत नव्हती असं मुळीच नाही. बाकी सगळ्या शब्दांना ती जीभ अशी सरसर वळे की अकोल्याच्या त्या मोहल्ल्यात तिच्यासमोर उभं राहून कोणी भांडण जिंकल्याचं ऐकिवात नाही. पण ताटात भाकर वाढताना, कढईत तेल ओतताना, निघालेल्या पाहुण्याला थांबवून घेताना हात आवरायची वेळ आली, की तिच्या तोंडून हमखास निघे, "अजून एक." तिचा नवरा देवमन जेवताना ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसायचा. ती त्या हातांवर भाकर ठेवून मोकळी व्हायची.

देवमन जिनात रुईच्या गाठी बांधायचा आणि चतुराबाई त्याच जिनात कापूस निवडायची. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम, मग मिळेल ती मजुरी. घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, वर टिन. मागच्या खोलीत देवमननं हौसेनं पाटई ठोकली होती. पाटई म्हणजे काय, तर चहाच्या रिकाम्या खोक्यांच्या पातळ फळ्या, खालून खिळे मारून लाकडी मयालींना, म्हणजे आडव्या तुळयांना, लावलेल्या. पाटईच्या वर आणि टिनाच्या खाली माणूस रांगू शकेल एवढी पोकळी राहिली होती. घरचे तिला मोठ्या थाटात माळा म्हणत, आणि माळ्यावर उन्हाशिवाय दुसरं काही राहत नसे.

चैत्र लागला की टिन तापू लागे, आणि दुपारी घरात बसलेल्या माणसाला आपण तव्यावर आहोत की काय अशी शंका येई. चतुराबाई पापड अंगणात वाळत घालत नसे, घरात घाली. तांब्यातलं पाणी पिण्याआधी फुंकर मारावी लागते, असं ती स्वतःच सगळीकडे सांगत फिरे. त्यात थोडी भर तिची होती, कारण भर घातल्याशिवाय तिला काही सांगताच येत नसे. पण उकाडा मात्र अगदी खरा होता.

या उकाड्यानंच तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पंचाईत केली. तिची एकुलती एक लेक शकुन अमरावतीला दिलेली. जावई धर्मपाल कचेरीत कारकून होता आणि आईसोबत सरकारी क्वार्टरात राहत होता. त्याची आई इंदूबाई उंच, सडसडीत आणि फार मोजकी बाई. तिच्या घरी चहासुद्धा कपाच्या काठापासून बोटभर खाली थांबायचा. शकुनचं लग्न भर वैशाखात अकोल्याला झालं, तेव्हा ही इंदूबाई मागच्या खोलीत मानानं बसवली गेली आणि थोड्याच वेळात डोळे पांढरे करून आडवी झाली. कांदा फोडून हुंगवावा लागला. इंदूबाई ती दुपार विसरली नव्हती.

आता शकुनला दिवस गेले होते आणि बाळंतपण नेमकं उन्हाळ्यात येणार होतं. होळी झाली तशी चतुराबाई लेकीला आणायला अमरावतीला गेली. सोबत लाडवांचा डबा होता. त्या डब्याचं झाकण अर्थातच लागत नव्हतं.

"जयभीम, इहीनबाई," ती म्हणाली. "पैल्या बायतपनाले पोरगी माहेरी येते. मी घ्याले आली."

"जयभीम. रीत मले मालूम हाये," इंदूबाई म्हणाली. "पन तुमच्या टिनाखाली मी सोता बसली होती. थ्या भट्टीत मी लेकरू जल्माले येऊ देनार नाई. बायतपन अठीच होईन."

"अन् मी खोली थंडी केली तं?"

"कशी करान? सूर्याले सांगान का?"

"कशीबी करीन!" चतुराबाई उसळली. "बुद्धजयंतीच्या आधी शकुनले घेऊन या. भर दुपारी त्याच खोलीत बसा, जेवा. पदरानं कपायाचा घाम एकदा जरी पुसला, तं पोरीले घेऊन माघारी जा. मी हूं का चूं करनार नाई."

इंदूबाईनं होकारार्थी मान डोलावली. तिकडे दारात उभ्या असलेल्या शकुननं कपाळाला हात लावला. आईची पैज म्हणजे काय चीज असते हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

पैज उसळून लावली खरी, पण तिच्यामागे एक जुनं दुखणं होतं. चतुराबाईची आई ती लहान असतानाच गेली. शकुनच्या वेळी तिला माहेर नव्हतं, कोणी डोक्याला तेल लावलं नाही, कोणी पाठीवर हात फिरवला नाही. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी ती स्वतःच उठून चुलीपाशी बसली होती. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं की माझ्या लेकीला माहेर मिळेल आणि असं मिळेल की तिला पुरून उरेल. ते माहेर आता एका टिनाच्या पत्र्यापायी हातचं जायला निघालं होतं, आणि या विचारानं परतीच्या गाडीत तिला चक्क रडू आलं. मग बडनेऱ्याला तिनं डोळे पुसले, शेजारच्या अनोळखी बाईला उरलेला एक लाडू बळंच खायला लावला, आणि अकोला येईपर्यंत तिचा बेत पक्का झाला होता.

बेत मातीचा होता. देवमनचं गाव पातूरकडचं आणि तिथलं त्यांचं जुनं घर धाब्याचं. वर जाड लाकडं, त्यांवर काटक्या आणि त्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर पाखरं मरून पडत, तेव्हा त्या घरात माणसं गोधडी पांघरून दुपारची झोप काढत. वऱ्हाडातल्या माणसाला गारव्याचं शास्त्र विचारा, तो मातीकडे बोट दाखवेल. चतुराबाईनंही दाखवलं.

"अवं, धाब्याखाली सागाच्या मयाली असतात, मानसाच्या कमरेएवढ्या," देवमन म्हणाला. "अठी चाहाचे खोके हायेत."

"चाहा आसामातून अठीलोक त्याच खोक्यात आला. फुटलं का एकतरी खोकं?"

देवमन निरुत्तर झाला. तो लग्न झाल्यापासून निरुत्तरच होता आणि त्याला त्याची सवय झाली होती.

मग माती आली. शिडी लागली. देवमन माळ्यावर रांगत गेला आणि चतुराबाई खालून टोपली देऊ लागली. पातळसा थर झाला तेव्हा खोलीत खरंच थोडं बरं वाटू लागलं, आणि घोटाळा तिथंच झाला. मुळीच बरं वाटलं नसतं तर बाई थांबली असती. थोडं बरं वाटलं म्हटल्यावर तिनं हिशेब केला की थोड्या मातीनं थोडं, तर जास्त मातीनं जास्त. देवमन वरून ओरडून सांगायचा की झालं, आता बस. ती खालून म्हणायची, अजून एक टोपलं. शेवटी तो खाली उतरला, तेव्हा ती स्वतः वर चढली आणि तो जेवत असताना तिनं आणखी माती लिंपली.

पुढच्या काही दिवसांत पाटईला पोट सुटलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग उंच देवमनचं डोकं खोलीच्या मधोमध पाटईला टेकू लागलं. तो म्हणाला, पाटई खाली आली. ती म्हणाली, तुमचीच मान वर आली, जिनाला सुट्टी आहे ना, आराम मानवला. त्यानं गुपचूप मधे एक मुसळ उभं करून टेकू दिला. तिनं ते मुसळ मिरच्या कुटायला नेलं. कुटून झाल्यावर परत आणून लावलं, आणि हे असं रोज चालू झालं. शेजारपाजारच्या बाया चेष्टा करू लागल्या की शकुनआधी तुझी पाटईच बाळंत होणार. चतुराबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

आणि एका सकाळी, दोघं अंगणात चहा घेत बसलेली असताना, घरातून असा धडाका झाला की रस्त्यानं चाललेला टांग्याचा घोडा उधळला. धुळीचा लोट दारातून बाहेर आला. त्याच्या पाठोपाठ मांजर बाहेर आलं, पांढरं झालेलं. देवमन आत धावला. चतुराबाई बशी हातात घेऊन तशीच मागे गेली.

पाटई मधोमध फाटली होती. खिळे मयालींतून सरळ उपसून निघाले होते आणि सगळी माती खाली आली होती. आली होती ती नेमकी बाजेवर. शकुनसाठी नवी सुतळी विणलेली, नवी गोधडी घातलेली, बाळंतिणीची म्हणून आधीपासून मांडून ठेवलेली बाज मातीखाली दिसतही नव्हती. फक्त एक पाय वर आला होता, मोडलेला.

चतुराबाई दारातच थांबली. त्या मातीत तिला बाज दिसेना, शकुन दिसू लागली, आणि शकुनच्या कुशीतलं ते अजून न आलेलं लेकरू. "मी काय करून राह्यली होती वं माय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. देवमन रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. त्यानं तिच्या हातातली बशी काढून घेतली, आत उरलेला चहा तिला पाजला आणि फावडं आणायला गेला.

इतकी गप्प चतुराबाई मोहल्ल्यानं कधी पाहिली नव्हती, त्यामुळे लोक काळजीनं विचारपूस करायला येऊ लागले. शेजारचे नत्थुजी सुतारही आले. हे नत्थुजी म्हणजे हातापेक्षा तोंडानं जास्त काम करणारे गृहस्थ, पण काम केलं तर चोख. त्यांनी उपसलेला खिळा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि जमलेल्यांना उद्देशून भाषणच सुरू केलं.

"फयी खालून ठोकली का वजन खियाच्या जिवावर. खिया किती धरन? फयी मयालीवर ठेवली का वजन मयालीच्या जिवावर. हे साधं हाये. अन् मातीले मयाली जाड पायजेत, तुमच्या मयाली बारीक. बाई, ह्या घरावर माती चढनार नाई. मांजर चढलं तरी मले सांगून चढवा."

"मंग पोरगी अमरावतीलेच बायतीन होईन," चतुराबाई पुटपुटली. डोळे पुन्हा भरून आले. मातीशिवाय गारवा येतो कुठून, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ते तिचं तिलाच सुचलं, आणि सुचलं तेही जिनातल्या आठवणीतून. मातीनं माखलेली गोधडी झटकता झटकता ती थांबली. जिनातला म्हातारा चौकीदार थंडीच्या दिवसांत ऊब घ्यायला कुठे बसायचा? मोकळ्या कापसाच्या ढिगात पाठ खुपसून. बांधलेल्या गाठीला टेकून तो कधीच बसला नाही. गाठही कापसाचीच, उलट कितीतरी जास्त कापूस तिच्यात, दोघं जण मिळून हलवावी लागणारी. पण गाठ थंड आणि ढीग उबदार. म्हणजे ऊब धरतो तो कापसाचा भार नव्हे, कापूस फुगलेला असतो ती फूग!

"अजी!" तिनं अशी हाक मारली की देवमनच्या हातून फावडं सुटलं. "जड नाई पायजे! फुगेल पायजे! जे थंडीत ऊब आत धरून ठेवते, थे उनायात ऊन भाईर नाई का धरनार?"

देवमननं डोकं खाजवलं. बोलण्यात तथ्य दिसत होतं, आणि म्हणूनच तो घाबरला. "कापूस भरायचा माळ्यावर?" त्यानं विचारलं.

"भरायचा! दाबून नाई, मोकया! हा असा!" तिचे हात आताच आढ्याला पोचले होते.

आणि मग एक अभूतपूर्व गोष्ट घडली. देवमन ओरडला. "कापूस नाई म्हंजे नाई! जिनात आग लागेल मी पाह्यली हाये. एक ठिनगी, अन् डोयं मिटून उघडेलोक सगयं खलास. लेकराच्या डोक्यावर कापूस नाई ठेवनार मी!"

लग्नानंतर प्रथमच त्याचा आवाज अंगणाबाहेर गेला होता. चतुराबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिला एवढा आनंद झाला की विचारू नका. "बोलता येते का तुमाले!" ती म्हणाली, आणि त्या दिवशी त्याला तिनं दोन भाकरी जास्त वाढल्या.

तोडगा शेवटी नत्थुजींना धरून तिघांनी मिळून काढला. ज्वारीचे वाळलेले धांडे, आतून भुसभुशीत, पोरं ज्यांच्या खेळण्यातल्या बैलगाड्या करतात तेच. ते अंबाडीच्या दोरीनं ओळीनं बांधून तट्टे विणायचे. प्रत्येक तट्ट्याला दोन्ही बाजूंनी शेणमातीचा हात फिरवायचा, पण कागदासारखा पातळ, नुसता ठिणगी आणि उंदीर यांना तोंड लावू न देण्यापुरता. कडू लिंबाचा पाला मधे पसरायचा, किडीसाठी. नत्थुजींनी मयालींवर आडव्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, टाकल्या आणि तट्टे त्या बल्ल्यांवर ठेवले, फळीवर काही नाही. माळ्यावर जायचं ते मयालीवरच पाय देऊन, अशी सक्त ताकीद त्यांनी दिली. तट्टे आणि टिन यांच्यामध्ये मोकळी जागा राखली आणि दोन्हीकडच्या त्रिकोणी भिंतींना झरोके पाडून जाळी बसवली, की तापलेली हवा आली तशी निघून जावी. टिनावर चुना फासला. खोलीतली चूल अंगणातल्या मांडवाखाली गेली.

वजनाचा नियमही नत्थुजींनीच घालून दिला. "जो तट्टा एका हातानं डोक्यावर उचलता येत नाई, थो वर जानार नाई."

चतुराबाईनं लगेच एका हातानं पाटा उचलून दाखवला. नत्थुजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि नियम दुरुस्त केला. "एका हातानं म्हंजे देवमनच्या हातानं."

काम झालं. नव्या फळ्यांची पाटई मयालींवर नीट बसली आणि भर दुपारी चतुराबाई खोलीत जाऊन उभी राहिली. बाहेर उन्हानं कुत्री जिभा काढून पडली होती आणि आत चक्क दुपार असल्याचं विसरायला होत होतं. ती नाचायचीच बाकी राहिली. मग ती नाचलीही. देवमननं दार लोटून घेतलं, लोक काय म्हणतील म्हणून, आणि मग आत तोही थोडा नाचला.

पण स्वभाव कुठे जातो? इंदूबाई यायच्या आदल्या दिवशी तिच्या मनात आलं, की आहे हे ठीक आहे, पण अजून एक थर टाकला तर? तिनं अंगणातले उरलेले तट्टे मोजले, इकडेतिकडे पाहिलं आणि शिडी शोधायला गेली. शिडी नव्हती. नत्थुजी ती सकाळीच आपल्या घरी घेऊन गेले होते आणि तिच्यावर स्वतः बसून विडी ओढत होते. चतुराबाई दारातून विनवण्या करून दमली, पण ते उठले नाहीत.

शेवटी ठरलेला दिवस उजाडला. इंदूबाई आणि शकुन पॅसेंजरनं आल्या. शकुनचं पोट पाहून चतुराबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच कमरेला खोचला, कारण आज रडायला सवड नव्हती. ऐन दुपारी इंदूबाई मागच्या खोलीत चटईवर ताठ बसली. दारात देवमन आणि नत्थुजी, खिडकीत शेजारच्या बाया, कोपऱ्यात नव्या पायाच्या बाजेवर शकुन. इंदूबाईनं पाटईकडे पाहिलं, भिंतीला हात लावून पाहिला. वेळ जात राहिला. तिचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं.

खिडकीत कुजबुज वाढली. नत्थुजींनी मिशीला पीळ भरला. चतुराबाईला तर इतका हर्ष झाला की ती पळतच अंगणात चुलीपाशी गेली. मटनाचा रस्सा उकळत होता. आता फक्त वाढायचं होतं. पण अंगात एवढा आनंद मावत नसताना, आणि शिडी नत्थुजींकडे असताना, त्या हातांनी करायचं तरी काय? हातांनी तिखटाचा डबा उघडला. एक चमचा टाकला. विहीणबाई काही रोज रोज येत नाहीत. अजून एक टाकला. रंग कसा लालबुंद दिसला पाहिजे. अजून एक.

इंदूबाईनं पहिला घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला. मग तिचे कान लाल झाले. मग नाकाचा शेंडा. मग, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिच्या कपाळावर एक थेंब उगवला.

थेंब मोठा झाला, भुवईपाशी अडला, मग नाकाच्या बाजूनं खाली घसरला. त्याच्यामागे दुसरा आला. इंदूबाई दोन्ही डोळे मिटून बसली होती. चतुराबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. उन्हाला हरवलं, मातीतून वर आली, आणि आता आपल्याच हातानं, एका चमच्यापायी! तो तिखटाचा घाम आहे हे तिला ओरडून सांगायचं होतं. पण पैज तिनंच लावली होती, आणि त्यात तिखटाचा घाम वेगळा असं काही ठरलं नव्हतं.

इंदूबाईनं पदर उचलला आणि कपाळ पुसलं.

शकुननं मान खाली घातली. चतुराबाईनं पळी खाली ठेवली. भांडणात कोणाला हार न जाणारी ती बाई, पण आवाज अगदी एवढासा निघाला. "हारली मी. शकुन, तुही पेटी घे. संध्याकायची गाडी हाये."

"पेटी कावून?" इंदूबाईनं नाक ओढत विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"घाम पुसला ना तुमी."

"पुसला. पन हा घाम वरून कुठं आला? हा तं आतून आला." तिनं दुसऱ्यांदा कपाळ पुसलं, मग तिसऱ्यांदा, आणि रिकामी वाटी पुढे केली. चहासुद्धा बोटभर कमी ओतणारी ती मोजकी बाई म्हणाली, "अजून एक वाटी द्या."

खिडकीत असा काही हशा उसळला की जाळीवरच्या चिमण्या उडाल्या. चतुराबाई हसत होती आणि रडत होती, आणि दोन्हींच्या भरात तिनं वाटीऐवजी ताटात रस्सा ओतला. जेवण झाल्यावर इंदूबाई म्हणाली, जराशी पाठ टेकते. टेकली ती ऊन कलेपर्यंत घोरत पडली. उठल्यावर तिनं पाटईकडे बराच वेळ पाहिलं.

"पोरगी अठीच राहीन," ती म्हणाली. "अन् मीबी राहतो. माह्या क्वार्टरात अशी झोप मले कधी लागली नाई."

ज्येष्ठात, ऊन अजून पोळत असताना, त्या खोलीत शकुनला मुलगी झाली. चतुराबाईनं लेकीच्या डोक्याला तेल लावलं, पाठीवर हात फिरवला, आणि आळीपाळीनं इंदूबाईनंही लावलं, त्यामुळे शकुनच्या डोक्यावर उन्हाळाभर तेल निथळत राहिलं. बारशाच्या दिवशी नत्थुजींनी मयालीला पाळण्याचा दोर बांधला आणि म्हणाले, आता पाळणा लावा आणि टाका पोरीला.

चतुराबाई लेकरू छातीशी धरून तशीच उभी राहिली. तिची नजर वर गेली आणि पाय हलेनात. तिला ती सकाळ आठवली, धुळीचा लोट, मातीखालची बाज. "आधी मी बसतो," ती म्हणाली. लेकरू तिनं शकुनकडे दिलं, दोराच्या फासात दुमडलेली गोधडी घातली आणि त्या मोकळ्या झोक्यात स्वतः जाऊन बसली. झोका हलला. मयाल गप्प होती. तिनं पायानं जोर दिला. झोका खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

"सरका," इंदूबाई म्हणाली.

"काहून?"

"एकटीच्या वजनानं काय समजते?"

आणि मग दोघी विहिणी, एक गोल आणि एक सडसडीत, नऊवारी सावरत त्या झोक्यात शेजारी शेजारी बसल्या आणि झुलू लागल्या. बाया टाळ्या पिटू लागल्या. शकुन हसून हसून टाके दुखतात म्हणून ओरडू लागली. देवमन खाली उभा राहून वर पाहत होता. त्याच्या नाकावर धांड्याची चिमूटभर धूळ पडली आणि त्याला शिंक आली. तेवढंच काय ते पडलं.

मग पाळणा लागला आणि पोरीला त्यात ठेवलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती. बाहेर टिन तापून तडतडत होतं. चतुराबाईनं वाकून तिच्या कपाळाला बोट लावलं. कपाळ कोरडं होतं.

"वर अजून एक तट्टा टाकू का?" देवमननं चेष्टेनं विचारलं. "नत्थुजी शिडी देतात आज."

चतुराबाईनं पाटईकडे पाहिलं, मग पाळण्यात पाहिलं, आणि पाळण्यात जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

"नोको," ती म्हणाली. "पुरे."

देवमन पुढे आला आणि ताप तर नाही ना म्हणून त्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंडगार होतं.